नळीची चौथी गाठ

साउथ लोकेशन, मिनेसोटा
९ जानेवारी

डेल,

तू, मी आणि या खाणपट्ट्यातली ती सगळी घरं, जिथे एक माणूस नळीवर जगतो: आपली तक्रार एकच आहे. खाणीने आपल्या माणसांच्या छातीत तीस-तीस वर्षं धूळ भरली आणि शेवटी हातात पन्नास फुटांची प्लॅस्टिकची नळी दिली. निदान या एका गोष्टीवर तुझं-माझं दुमत नसावं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

हे समेटाचं पत्र नाही. अकरा वर्षांत तू इकडे फिरकला नाहीस आणि मी तुला बोलावलं नाही, ते तसंच राहू दे. पत्ता शेजारच्या लोर्ना झुपान्चिचने दिला. तुला आठवत असेल, गावातल्या कुणाच्या घरी काय शिजतं हे त्या घरातल्या बाईच्या आधी तिला कळतं. तीच म्हणाली, "नेवाडात तुझा डेल खाणीतून सुटला की शिकारी कुत्री शिकवतो म्हणे. माणसं येतात लांबून त्याच्याकडे." मला कुत्र्याबद्दल विचारायचं आहे. फक्त कुत्र्याबद्दल.

तुझ्या बापाने, रेनोने, नोव्हेंबरात पिल्लू आणलं. त्याला खुर्चीतून उठायला कारण हवं होतं. मी म्हटलं, कारण म्हणून मी पुरत नाही का? तर म्हणतो, "आयली, तू मला बसवतेस. ही मला उठवते." तिचं नाव पुल्ला, आपल्या वेलदोड्याच्या पावावरून ठेवलेलं: त्या पावाचा वरचा भाग भाजून निघतो, अगदी तसा रंग. आता ती साडेचार महिन्यांची आहे आणि घरातलं जे जमिनीपासून दोन फुटांच्या आत आहे ते सगळं तिच्या दातांखालून गेलंय. टेबलाचे दोन पाय. माझा वाचायचा चष्मा. बर्फातला डावा बूट. खालच्या फळीवरची संपांच्या इतिहासाची जाड पुस्तकं. त्यातल्या एकाचा कणाच खाल्ला. मी तक्रार केली तर रेनो म्हणाला, "तुझ्याआधी ते पुस्तक शेवटपर्यंत कुणीतरी पचवलं, यात आनंद मान."

इथवर हसण्यासारखं आहे. आता पुढचं.

जेवणघराच्या कोपऱ्यात हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आहे. दिवसभर घरघरतं. त्यातून नळी निघते ती जमिनीवरून, सोफ्यामागून, न्हाणीघरापर्यंत, रेनो जाईल तिथे त्याच्या मागे फरफटत जाते. मंगळवारी भांडी घासताना मला फुस्स असा बारीक आवाज आला. मी हात पुसायलाही थांबले नाही. सोफ्याजवळ नळीवर चार दात उमटले होते, आणि चौथा आरपार गेला होता. सुईच्या टोकाएवढं भोक. मी नळी बदलली. रेनोला सांगितलं की सांधा सैल झाला होता.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी गुडघ्यांवर बसून ती नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपते. ओठांवर ठेवून फुंकर लागते का बघते, कारण बोटं आता बधिर झाली आहेत.

संपात मी माणसांना खाणीच्या फाटकावर उभं केलंय, उणे तीस तापमानात. या पिल्लापुढे मी हरतेय. तिचं चावणं कसं थांबवायचं, तेवढं लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

आयली रौटिओ
(तुझी आई)


२४ जानेवारी

डेल,

तुझं कार्ड मिळालं. पाच ओळी. मी मोजल्या नाहीत, एका नजरेत दिसल्या. 'आई, तिला दात येतायत. मारू नको. ओरडू नको. नळी उंच बांध. आत्तापर्यंत तिला चावायला काय काय दिलं, ते खरं सांग.'

काय दिलं विचारतोस, तर दुकानातली रबराची दोन हाडं दिली. तिने ती हुंगली आणि सोडून दिली. असो.

काय काय केलं ते सांगते. दुकानात एक कडू फवारा मिळतो. नळीवर मारला. पुल्लाने जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं, मग पुन्हा चाटला, मग तिला तो आवडला. लोर्ना म्हणाली, "अगं, तिखट लाव. आमच्या बुच कुत्र्याने जिन्याचा कठडा खायला घेतला तेव्हा मी लाल मिरचीच लावली होती." मी तिखट सॉस लावला. नळी घर तापवणाऱ्या गरम हवेच्या जाळीवरून जाते आणि तिथे तिखटाची वाफ उठेल, हे माझ्या लक्षात आलं नाही. रेनोला खोकल्याची जी उबळ आली ती एक तास थांबेना. त्याच्या पाठीवर हात ठेवून मी उभी होते आणि हाताखाली बरगड्या मोजता येत होत्या. उबळ थांबल्यावर तो म्हणाला, "कुत्र्याला उपाय लागू पडला नाही. मला मात्र नळी चावायची इच्छा राहिलेली नाही."

पिंजरा आणला. दार बंद केलं की ती रडते आणि रेनो तिला सोडतो. मी विचारलं, "का सोडलंस?" तर म्हणे, "पन्नास फुटांच्या दोरीला मी बांधलेला आहे, तेवढं एक घरात पुरे."

आणि हो, ओरडले. तुझं कार्ड यायच्या आधी ओरडले आणि आल्यानंतरही. ती नळीजवळ दिसली की मी अशी गरजते की खिडकीची काच थरथरते. लोर्ना पलीकडून हाक मारते, "कुत्र्याला कसलं भाषण देतेस गं? आमच्या नवऱ्यांना दिलीस तेवढी पुरली नाहीत का?" आता पुल्ला माझ्यासमोर नळीकडे बघतही नाही. मी आत आले की चटईवर संतासारखी पडलेली असते. पण काल सोफ्यामागे नळीवर नवे दात दिसले, ओले. म्हणजे ती चावते. मला दिसणार नाही अशा ठिकाणी चावते.

ही भीती कशी असते ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत, आणि हे मी लिहितेय, जिला शब्द कधी कमी पडले नाहीत. मी जाणं-येणं, बाजार, चर्च, सगळं सोडलं. मशीनच्या घरघरीकडे कान लावून बसते. घरघर आहे म्हणजे तो आहे. कधी वाऱ्याने आवाज दबला की मी उठून मशीनवर हात ठेवून बघते.

काउंटीची, घरी येऊन तपासणारी परिचारिका सोमवारी आली होती. तिने नळीवरच्या खुणा पाहिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिसेस रौटिओ, हे पिल्लू इथे राहू शकत नाही." रेनोने ऐकलं. त्याचे कान छातीएवढे खराब नाहीत. ती गेल्यावर तो म्हणाला, "ती गेली तर मी या खुर्चीत बसेन, आयली. आणि मग मला उठवू नकोस." तो हे चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो हवामान सांगावं तसं बोलला.

नळी उंच कशी बांधायची ते लिही. त्याला फिरायचंही असतं.

आई


३ फेब्रुवारी

डेल,

बाप जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं तू वाचशील.

शनिवारी दुपारी मी युनियनच्या हॉलवर गेले. निवृत्त माणसांच्या औषधपाण्यावरून सभा होती आणि त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी महिनाभर घराबाहेर पडले नव्हते. रेनो म्हणाला, "जा. चाळीस मिनिटांत काय होतंय? तुझा आवाज गंजेल." नळी चाचपली, ओठांवर धरली, ठीक होती. पुल्ला त्याच्या पायाशी झोपली होती. मी गेले.

मी चांगलं बोलले, डेल. माणसं उभी राहिली. 'आपल्या माणसांचा श्वास ही कुणाची मेहेरबानी नाही' असं मी म्हणाले, आणि मी हे म्हणत होते त्या वेळी माझ्या घरात काय चाललं होतं ते आता ऐक.

मी स्वयंपाकघराच्या दाराने आत आले. मशीनची घरघर ऐकली. जीव भांड्यात पडला. बूट काढले. कॉफी ठेवली. टपाल बघितलं. घरघर चालू होती ना! मी उभ्या उभ्या अर्धा कप कॉफी प्यायले. मग हाक मारली, "रेनो, टाळ्या पडल्या रे." उत्तर नाही. वाटलं, झोपलाय. कप विसळला. मग आत गेले.

त्याचा चेहरा राखेसारखा होता. ओठ निळे. डोळे अर्धे उघडे, आणि तो मला ओळखत नव्हता. नाकात नळी होती. कानांवरून नीट बसवलेली होती. मी ती ओढत ओढत मागे गेले आणि सोफ्यामागे तिचं टोक माझ्या हातात आलं. चावून तोडलेलं. दुसरं टोक जमिनीवर पडून गालिच्याला ऑक्सिजन देत होतं. मशीनला काय कळणार? ते चालूच होतं. आणि दोन टोकांच्या मध्ये पुल्ला बसली होती. मला पाहताच ती पोट जमिनीला लावून सरपटत मागे गेली.

वेळेला म्हणून ठेवलेली ऑक्सिजनची टाकी उघडायला माझ्या हातांना किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. लोर्ना लंगडत लंगडत आली, तिनेच रुग्णवाहिका बोलावली. डुलुथच्या इस्पितळात नेईपर्यंत तो काहीबाही बडबडत होता. फाटक, शिफ्ट, तुझं नाव. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा पहिलं वाक्य बोलला ते असं: "तिला मारलंस का?" मी नाही म्हटलं. खरंच नाही मारलं. माझ्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला नळीची सवय कशी लागली?" मी तोंड उघडायच्या आत रेनो म्हणाला, "मी लावली. म्हातारा माणूस, खेळता खेळता." 

तो खोटं बोलला, डेल. मीही तुझ्याशी खोटं बोलले.

नळी दर तीन महिन्यांनी बदलतात. जुनी टाकून द्यायची असते. आपल्या घरात काय टाकून दिलंय आजवर? तुझ्या आजीने पिठाच्या पोत्यांचे परकर शिवले. मी ब्रेडच्या पिशव्या धुऊन वाळत घालते. नोव्हेंबरात जुनी नळी निघाली, चांगली लवचिक, आणि पिल्लाला चावायला काही हवं होतं. मी तिचे चार तुकडे केले आणि प्रत्येकाला मधोमध गाठ मारली. पुल्ला वेडी झाली त्या गाठींसाठी. मी तिच्याशी ओढाओढी खेळले. तिने नळी दातांत धरून डोकं झटकलं की मी 'शाब्बास' म्हणाले. लोर्नाला दाखवलं, "बघ, फुकटचं खेळणं." तुझ्या बापाने पाहिलं आणि तो एवढंच म्हणाला, "आयली, तिला जुनी आणि नवी यातला फरक कळेल का गं?" मी म्हटलं, मी शिकवेन.

आधी मी तिला शिकवलं की नळी चावायची असते. मग मी गरजून तिला शिकवलं की ती माझ्यामागे चावायची असते. तू विचारलं होतंस, काय दिलं ते खरं सांग. हे खरं.

आणि सांगायला बसलेच आहे तर एक आणखी. अकरा वर्षांपूर्वीच्या संपाच्या सातव्या आठवड्यात खाणीने सगळ्यांचा दवाखान्याचा विमा बंद केला. आठव्या आठवड्यात तू मागच्या फाटकातून आत कामावर गेलास. त्या रविवारी मी हॉलच्या व्यासपीठावरून संपफोड्यांची नावं वाचली आणि तुझं नाव पहिलं वाचलं, माझ्या पोटचं म्हणून मोठ्याने वाचलं. लोक म्हणाले, काय बाई आहे! तुला आजवर वाटत असेल की मला कारण माहीत नव्हतं. आदल्या दिवशी तुझ्या बायकोने, कार्लाने, मला फोन केला होता. सातवा महिना, रक्तस्राव, डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हटलेलं. ती रडत होती. मला माहीत होतं, डेल. मला सगळं माहीत होतं आणि मी तुझं नाव वाचलं.

संप खरा होता. आजही मी तो पुन्हा करेन. पण ते नाव मी वाचायला नको होतं.

आई


१२ फेब्रुवारी

डेल,

तू इस्पितळात फोन केलास, बापाशी बोललास. मी खोलीतच होते. तो फोन माझ्याकडे करत होता आणि पलीकडून तू ठेवलास. ठीक आहे. मग तुझं पत्र आलं, चार पानांचं, आणि त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नाही, सगळं कुत्र्याबद्दल. मी ते इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटलंय.

तू लिहिलंस, 'ओरडल्याने ती चावणं सोडत नाही, तुझ्यासमोर चावणं सोडते.' हे वाक्य वाचून मी जिन्यात बसले आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुझं सगळं करतेय. पिळलेली फडकी गोठवून देते. ती हिरड्या लावून तासभर चघळते. गोठवलेली गाजरं देते. तोंडात नको ते धरलं तर हिसकावत नाही. दुसरं काहीतरी चांगलं पुढे करते, आणि तिने सोडलं की ते तिच्या तोंडात देते. आयुष्यभर मी मागितलं, आणि दिलं नाही तर हिसकावलं. बदली देणं मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी एका कुत्रीकडून शिकावं लागतंय. लोर्ना म्हणते, "खाणमालकांना कळलं तर मेजवानी देतील." मी तिला गाजर फेकून मारलं. ते पुल्लाने झेललं.

सौनातल्या टॉवेलच्या सगळ्या खुंट्या उपटून आणल्या आणि भिंतीला खांद्याच्या उंचीवर ठोकल्या. आता नळी मशीनपासून खुर्चीपर्यंत वरून जाते. रेनोला सौनातली ती कढत वाफ आता कायमची मना आहे, तेव्हा तिथे खुंट्या काय करणार होत्या? पण शेवटचे आठ फूट, खुंटीपासून त्याच्या नाकापर्यंतचे, खालीच लोंबणार. त्याला काही उपाय नाही. म्हणून तू लिहिल्याप्रमाणे तिला दोरीने माझ्या कमरेला बांधलंय. सहा आठवडे, दात पुरे येईपर्यंत, क्षणभरही नजरेआड नाही. मी भाजी चिरते तेव्हा ती पायाशी असते. न्हाणीघरातही येते.

आता मला कशाची भीती वाटते ते ऐक.

तू लिहिलंस, जुन्या नळीचा प्रत्येक तुकडा घराबाहेर काढ, एकही राहता कामा नये. एक जरी तिला सापडला तरी सगळं शिकवणं पुसलं जाईल. मी चार गाठी मारल्या होत्या. तीन सापडल्या. एक लोर्नाच्या अंगणात, एक सोफ्याच्या पोटात, एक माझ्याच बर्फाच्या बुटात. चौथी सापडत नाही. जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन पोटाचा एक्स-रे काढला. तिच्या पोटात नाही. म्हणजे घरात आहे. मी गालिचे उचलले, शेगडी सरकवली, पुस्तकांची प्रत्येक फळी रिकामी केली. काल दुपारी पुल्ला एकदम थांबली, कान उभे केले आणि रेनोच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत शेपटी हलवू लागली. मी खुर्ची उलटी केली, तिचं अस्तर फाडलं. काही नव्हतं. पण तिला ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे ती कुठे आहे, आणि मला नाही.

सोमवारी खाली तळघरात जाताना दोरी पायात आली आणि मी तीन पायऱ्या घसरले. मोडलं काही नाही. उठायला वेळ लागला. तेवढ्या वेळात, डेल, तिने कमरेची गाठ चावून अर्धी केली होती. रेनो घरी असता तर? मी तिथे पडून तेच मोजत होते: माझ्याकडे किती मिनिटं, त्याच्याकडे किती.

गुरुवारी, १९ तारखेला त्याला सोडतायत. परिचारिका त्याच दुपारी तपासायला येणार. तिने मला स्पष्ट सांगितलं: "घरात दुसरं धडधाकट माणूस दिसलं तर पिल्लू राहील. नाहीतर मला लिहावं लागेल." लोर्नाचा खुबा बदललाय. दुसरं माणूस म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. रेनोला यातलं काही माहीत नाही. तो फोनवर विचारतो, "ती माझ्या खुर्चीशी बसते का गं अजून?"

हॉलमधल्या लोकांना मी काल सांगितलं. सभा नव्हती, नुसतीच कॉफी प्यायला बसले होते, सगळी जुनी माणसं. मी उभी राहिले आणि म्हटलं, अकरा वर्षांपूर्वी मी इथून एक नाव वाचलं होतं, ते वाचण्याआधी मला त्याच्या बायकोचा फोन आला होता, आणि तो मी तुमच्यापासून लपवला. म्हाताऱ्या अर्व्हो लेपानेनने कपात बघत विचारलं, "पोर झालं का मग?" मी म्हटलं, झालं, मुलगी, दहा वर्षांची असेल. तो म्हणाला, "मग बरं." एवढंच. यासाठी तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. माफीवर भाषण करायला मी ही पानं खर्च करणार नाही. ती द्यायची की नाही ते तू आणि कार्ला ठरवा, आणि हवा तेवढा वेळ घ्या.

पण गुरुवारला वेळ नाही.

आपल्याकडे पुढच्या दाराने फक्त पाद्री आणि शवपेटी येते, हे तू विसरला नसशील. गुरुवारी सकाळी दहाच्या आत स्वयंपाकघराच्या दाराने ये. दार ठोठावू नको, उघडंच असेल. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर बोलू नकोस. फक्त माझ्या कमरेची दोरी सोड आणि स्वतःच्या कमरेला बांध.

आई